कोतवाल म्हणजे नक्की कोण? कमिशनर, चपराशी, पक्षी की देव

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तहसीलमधून पणजोबांच्या जन्माची नक्कल काढली, त्यावर वर "कोतवाल बुक" असं लिहिलेलं आहे, ते बघून काका सगळ्या नातेवाईकांना सांगत सुटले की आपले पणजोबा कोतवाल होते म्हणजे आजच्या भाषेत पोलीस कमिशनर, आणि तुम्ही म्हणताय की गावात आम्ही लहानपणापासून बघतो तो कोतवाल तर तलाठ्याची पिशवी धरून फिरतो, मग खरं काय, आणि वरून त्या काळ्या शेपटीवाल्या पक्ष्याला पण कोतवालच का म्हणतात.

मी वर्धा जिल्ह्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झालो, नोकरीत असतानाच मोडी शिकलो, त्यामुळे ह्या एका शब्दाशी माझा रोजचा संबंध आला, आधी जिवंत माणूस म्हणून आणि नंतर कागदावर.

काकांचं आधी मिटवून टाकू. कोतवाल बुक म्हणजे कोतवालाच्या घराण्याचं बुक नाही. ते गावातल्या जन्म-मृत्यूचं रजिस्टर आहे, महसुली भाषेत गाव नमुना १४, आमच्याकडे विदर्भात त्याला कोतवाल पंजी पण म्हणतात. जुन्या मध्यप्रांतात गावात कोण जन्मलं कोण मेलं ह्याची खबर पोलीस ठाण्यात नेऊन द्यायचं काम गावच्या कोतवालाचं होतं, म्हणून त्या वहीला त्याचं नाव चिकटलं. गंमत म्हणजे बहुतेक कोतवालांना लिहिता येत नव्हतं, वही त्यांच्या काखेत आणि अक्षर मात्र दुसऱ्या कोणाचं, मास्तरचं नाहीतर पाटलाचं नाहीतर मुन्शीचं. म्हणून त्या वहीत एकाच गावात तीन तीन प्रकारची हस्ताक्षरं दिसतात आणि एकाच घराण्याचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. तर तुमच्या नकलेचा अर्थ एवढाच की तुमचे पणजोबा जन्मले आणि त्याची नोंद कोतवालाने करवली. ते स्वतः कोतवाल होते की नव्हते ह्याबद्दल तो कागद काहीच बोलत नाही.

पण त्या नकलेला कमी समजू नका हां. त्यात जातीचा रकाना असतो, आणि जातीच्या दाखल्यासाठी ठरलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा राज्यभरातल्या रेकॉर्ड रूममधून ह्याच वह्या बाहेर निघाल्या, ज्यांच्याकडे कोणी वर्षानुवर्षं ढुंकून बघत नव्हतं. ज्या माणसाला सही येत नव्हती त्याच्या वहीवर आज अख्ख्या राज्याचं राजकारण अडलं, हे मला त्या दिवसांत फार मजेशीर वाटायचं.

आता शब्दाकडे. मूळ सरळ आहे, कोट्टपाल, कोट म्हणजे किल्ला आणि पाल म्हणजे राखणारा. हा शब्द नुसता पुस्तकी नाही, दगडावर आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, त्यात इसवी सन ८७६ चा लेख आहे, प्रतिहार राजा भोजाचा काळ, आणि त्यात गोपगिरीचा म्हणजे ग्वाल्हेरचाच किल्ला राखणारा अल्ल नावाचा कोट्टपाल येतो. ह्या लेखाला जगभरातले लोक बघायला येतात ते अल्लसाठी नाही तर शून्यासाठी, त्यात देवळाच्या बागेचं माप २७० हात बाय १८७ हात दिलंय आणि रोजच्या ५० फुलमाळांचा हिशेब आहे, त्या २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखं गोल काढलेलं आहे. म्हणजे आपल्याकडचं एक फार जुनं कोरलेलं शून्य आणि जुना कोट्टपाल शेजारी शेजारी बसलेत. मला महसूल खात्यातला माणूस म्हणून हे बरं वाटतं, जमिनीचं माप आणि राखणदार एकाच भिंतीवर!

मग हा शब्द बाहेर गेला. गझनीच्या दरबाराचा इतिहास फारसीत लिहिला गेला त्यात गझनीचा कोतवाल येतो, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच आपला कोट्टपाल तिकडे जाऊन कोतवाल झाला होता आणि सुलतानांच्या फौजांबरोबर फारसी कपडे घालून परत आला. काही लोक तुर्की मूळ सांगतात, मला ते पटत नाही, कोट आणि पाल दोन्ही आपल्या डोळ्यासमोर असताना लांब कशाला जायचं.

दिल्लीत हा माणूस फार मोठा झाला. बल्बनच्या काळचा फख्रुद्दीन कोतवाल म्हणजे मोठमोठ्या अमीरांनी ज्याचा शब्द मानावा असा माणूस. पुढे अल्लाउद्दीन खिलजीच्या डोक्यात शिरलं की आपण नवा धर्म काढावा आणि सिकंदरासारखं जग जिंकायला निघावं, तेव्हा त्याच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत केली ती दिल्लीचा कोतवाल अला-उल-मुल्क ह्याने. धर्म काढणं हे पैगंबरांचं काम, राजांचं नाही, आणि जग जिंकायच्या आधी हिंदुस्थान तरी पुरता हातात घ्या, असा त्याच्या सल्ल्याचा मतितार्थ, आणि अल्लाउद्दीनने ऐकलं! हा अला-उल-मुल्क इतिहासकार बरनीचा काका, त्यामुळे पुतण्याने थोडं मीठमसाला लावला असेल, पण कोतवाल सुलतानाला सल्ला देऊ शकतो हे त्या काळी कोणाला अशक्य वाटत नव्हतं एवढं नक्की.

अकबराच्या वेळी कोतवालाच्या कामाची यादी अबुल फझलने आईन-ए-अकबरीत लिहून ठेवली आहे, ती एकदा वाचाच. चोर पकडणं हे त्यातलं एक काम झालं. घरांची आणि रस्त्यांची नोंद ठेवायची, मोहल्ल्याला एक मुख्य नेमायचा, येणाऱ्या जाणाऱ्याची खबर ठेवायची, परक्यांना सराईत वेगळं उतरवायचं, रात्री गस्त घालायची, कोणाची कमाई किती आणि खर्च किती ह्यावर नजर ठेवायची (कमाईपेक्षा खर्च जास्त दिसला की समजायचं कुठेतरी पाणी मुरतंय, इन्कम टॅक्सवाले आज दुसरं काय करतात), बाजारात वजनमापं तपासायची, भाव बघायचे, बेवारस माल सांभाळायचा, कोणा बाईला तिच्या मनाविरुद्ध सती जाऊ द्यायचं नाही, बारा वर्षांच्या आत कोणाची सुंता होऊ द्यायची नाही. म्हणजे आजचे पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त, वैधमापनवाले, अन्नपुरवठा आणि गुप्तवार्ता सगळं एका पगडीखाली. तुमच्या काकांच्या डोक्यात जो कोतवाल आहे तो हा.

पुण्यातली कोतवाली ह्याच धाटणीची. पेशवाईतला पुण्याचा कोतवाल पेठांमधले तंटे बघायचा, भाव ठरवायचा, घरांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी ठेवायचा, शिक्षा पण करायचा, आणि रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरणाऱ्याची खैर नसायची. बुधवार चौकात कोतवाल चावडी म्हणतात ते नाव त्यातलंच उरलेलं, आता लोकांना ते गणपतीच्या मांडवामुळे माहीत असतं. आणि कोतवाल म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडात पुढचं नाव घाशीरामच येतं. घाशीराम सावळदास, औरंगाबादेकडून आलेला कनोजी ब्राह्मण, नाना फडणवीसांच्या भरवशावर १७७७ ते १७९१ पुण्याचा कोतवाल. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या शिपायांनी तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत कोंडलं, त्यातले बरेच गुदमरून मेले, शहर खवळलं, शेवटी त्याला लोकांच्या हवाली केलं आणि दगडांनी ठेचून मारलं. पुढे त्याच्यावर नाटक आलं आणि शब्दाला कायमचा डाग लागला. माझं मत विचाराल तर चौदा वर्षं एका माणसाच्या हातात पकडणं, तपास करणं आणि शिक्षा देणं तिन्ही दिलं की तो घाशीरामच होणार, मग नाव काही असो.

एक उलटी गोष्ट सांगतो जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शब्दाचा अर्थ किल्ल्याचा राखणदार, पण ज्या शिवाजी महाराजांचं राज्यच किल्ल्यांवर उभं होतं त्यांच्या गडावर मुख्य अधिकाऱ्यांत कोतवाल नाही. तिथे हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस. पुढे किल्लेदार. तोपर्यंत कोतवाल किल्ला सोडून खाली बाजारात उतरलेला होता, शहराचा झाला होता. आणि मग इंग्रजांच्या काळात शहरातून गावात गेला. म्हणजे दर दोन-तीनशे वर्षांनी हा शब्द एकेक पायरी उतरत आलाय. हवालदाराचं तेच झालं, गडाचा मालक होता तो आता कॉन्स्टेबलच्या वर एक. सुभेदाराचं तेच. पदव्यांना महागाई लागते, नोटेवर आकडा तोच राहतो आणि पिशवीत भाजी कमी येते.

इंग्रजांनी शहरात दारोगा आणले, मग इन्स्पेक्टर आणले, कमिशनर आणले, कोतवाल हळूहळू गेला, फक्त पाटी राहिली. नागपूरला कोतवाली पोलीस स्टेशन आहे, अमरावतीला, अकोल्याला आहे, अहिल्यानगरला आहे, उत्तरेत तर प्रत्येक जुन्या शहरात आहे. आत कोतवाल नाही, पीआय बसतो. दिल्लीचा शेवटचा कोतवाल म्हणून गंगाधर नेहरूंचं नाव घेतात, मोतीलालांचे वडील आणि जवाहरलालांचे आजोबा, १८५७ च्या धामधुमीत घरदार टाकून आग्र्याकडे निघालेले.

आता इथे एक मोठा घोटाळा आहे आणि जुने कागद वाचणारे बहुतेक लोक ह्यातच फसतात. निजामाच्या हैदराबादेत मात्र कोतवाल १९४८ पर्यंत जिवंत होता आणि पूर्ण रुबाबात होता. कोतवाल-ए-बलदा, बलदा म्हणजे शहर, म्हणजे हैदराबाद शहराचा पोलीस प्रमुख. राजाबहादूर वेंकटराम रेड्डी हे १९२० पासून १९३४ पर्यंत ह्या पदावर होते, मोटारीतून फिरायचे, निजामाकडे थेट जायचे. आणि अगदी त्याच वर्षांत, वर्ध्याच्या एखाद्या खेड्यातला कोतवाल घोंगडी पांघरून मालगुजाराच्या (गावचा सारा वसूल करणारा मालक) वाड्यापुढे जागत बसलेला असायचा, पगार म्हणजे कुळांनी दिलेलं धान्य आणि एखादा सेवाजमिनीचा तुकडा. एकच शब्द, एकच साल, मधे फार तर दोन दिवसांची वाट. म्हणून मराठवाड्यातल्या कागदात कोतवाल दिसला की मी वेगळा विचार करतो, विदर्भातल्या कागदात दिसला की वेगळा, आणि पुण्या-साताऱ्याच्या इंग्रजी अमदानीतल्या खेड्याच्या कागदात दिसला तर मला आधी शंकाच येते, कारण तिकडे गावकामगारांत तराळ, येसकर, जागल्या, रामोशी हे शब्द चालायचे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये हाच माणूस आजही कोटवार आहे, तिकडच्या १९५९ च्या महसूल कायद्यात त्याच्यासाठी कलम २३० आहे.

मग पश्चिम महाराष्ट्रात गावात कोतवाल कुठून आला? ह्याचं उत्तर महार वतनात आहे. गावाची आणि सरकारची सगळी कामं, निरोप पोचवणं, वसूल तालुक्याला नेणं, साहेबाचं सामान वाहणं, मेलेली जनावरं ओढणं, हे महारांवर वंशपरंपरेने लादलेलं होतं आणि बदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुतं. कामावर एक माणूस नाही तर अख्खं घर, आणि वेळ चोवीस तास. १८७४ च्या वतन कायद्याने ते पक्कं केलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात हा कायदा बदलायचं बिल मांडलं, ते पास झालं नाही, पण मागणी सुटली नाही, आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने ही खालची गाव-वतनं गेली. वतन गेलं पण सरकारची कामं तर राहिलीच ना, निरोप कोण देणार, दवंडी कोण देणार? म्हणून १९५९ मध्ये सरकारी नेमणुकीचा, रोख पैशाचा, कोणत्याही जातीतला माणूस चालेल असा कोतवाल तयार केला. मध्यप्रांतातलं आणि शहरातलं जुनं नाव उचललं आणि नव्या माणसाला चिकटवलं. म्हणजे तुमच्या गावातला कोतवाल हा दिल्लीच्या कोतवालाचा वंशज नाहीच, त्याची वंशावळ वतनाच्या बाजूने येते. गावातलं पोलिसी काम १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटलाकडे स्पष्ट गेलं, महसुली काम कोतवालाकडे, त्यामुळे नावात पहारा असूनही कोतवालाच्या हातात अधिकार म्हणून काही नाही.

काम मात्र विचारू नका. तलाठ्याच्या साझ्याला (म्हणजे त्याच्याकडच्या गावांना) एक कोतवाल, नेमणूक तहसीलदाराची, चौथी पास आणि त्याच साझ्याचा रहिवासी असला पाहिजे. नोटिसा बजावणं, लोकांना चावडीवर बोलावून आणणं, पंचनाम्याला पंच जमवणं, पीकपाहणीत बरोबर फिरणं, जप्त केलेली वाळू राखत बसणं (हे फार वाईट काम, रात्री ट्रॅक्टरवाले येतात आणि ह्याच्या हातात काठी), निवडणुकीत खुर्च्या लावण्यापासून पेट्या उचलण्यापर्यंत सगळं, पूर आला की आधी ह्याला फोन, गावात साथ आली की ह्यानेच सांगायचं. आणि मुनादी, तुमच्याकडे दवंडी म्हणतात. मी लागलो तेव्हा आमचा कोतवाल डफडं गळ्यात अडकवून निघायचा आणि मला आठवतं, मी लिहून दिलेला मजकूर त्याला वाचता यायचा नाही, मी दोनदा वाचून दाखवायचो आणि तो गावात स्वतःच्या भाषेत सांगायचा, आणि त्याचंच लोकांना कळायचं, माझं नाही. मी लिहायचो "थकीत जमीन महसुलाचा भरणा न केल्यास सक्तीची कारवाई करण्यात येईल" आणि तो ओरडायचा "सारा भरा रे बाप्पा, नाहीतं भांडे उचलते!"

ह्याच माणसाने मला खरं तलाठीपण शिकवलं. नकाशा माझ्या हातात, पण कोणत्या गटाचा बांध कोणत्या साली कोणी सरकवला, कोणत्या विहिरीत कोणाचा किती आणा हिस्सा, कोणत्या दोन भावांना एका वेळी चावडीत बोलवायचं नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात. एकदा मी बाहेरगावी असताना माझ्या ऑफिसचं छप्पर पावसात बसलं, त्याने रात्रीतून सगळी दप्तरं बैलगाडीत घालून स्वतःच्या घरी नेली, स्वतःचं धान्य बाहेर ओसरीत काढलं आणि दप्तर आत ठेवलं. त्यात त्या गावची कोतवाल पंजी पण होती. त्याला महिन्याला मिळत होतं ते इथे लिहायची मला लाज वाटते.

पैशांचं सांगायचं तर ह्या लोकांना पगार नाही, मानधन. साडेसात हजारांवरून पंधरा हजार व्हायला २०२३ उजाडलं, २०२४ मध्ये त्यावर दहा टक्के आणि अनुकंपाचा (नोकरीत मेलेल्याच्या वारसाला घ्यायचा) निर्णय झाला. चतुर्थ श्रेणीत घ्या ही मागणी मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. आणि २०२५ मध्ये सरकारने नावच बदललं, आता तो कोतवाल नाही, महसूल सेवक. तलाठ्याचं पण ग्राम महसूल अधिकारी झालं. एका अर्थी बरोबर आहे, कामाला शोभेल असं नाव आहे, घाशीरामची सावली गेली. पण मला विचाराल तर नाव बदलायला पैसे लागत नाहीत म्हणून ते आधी होतं. गावात विचारलं तर अजून सगळे कोतवालच म्हणतात, पुढची तीस वर्षं म्हणतील.

पक्ष्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग तो आहे. काळा कोतवाल, शेपटी माशासारखी दुभंगलेली, तारेवर नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसलेला, उडणारे किडे पकडून खाणारा. आकाराने बुलबुलापेक्षा थोडा मोठा, पण ह्याच्या घरट्याच्या जवळ कावळा फिरकला, घार आली, शिक्रा आला की हा सरळ अंगावर जातो, घारीच्या पाठीवर बसून चोची मारताना मी स्वतः बघितलाय. म्हणून होले, हळद्या, बुलबुल असे गरीब पक्षी त्याच झाडावर घरटं करतात, फुकटचा पहारा मिळतो. आता सांगा, ह्याला दुसरं काय नाव देणार? ज्याने कोणी पहिल्यांदा हे नाव दिलं त्याने कोट्टपाल हा शब्द ऐकलेला नसणार, पण अर्थ अगदी अचूक पकडला. सह्याद्रीत आणि मेळघाटात पल्लवपुच्छ कोतवाल दिसतो, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुपके, तो तर दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. आफ्रिकेतल्या वाळवंटात ह्यांचा एक भाऊबंद आहे तो त्याच्यापुढे जातो. तो खोटाच धोक्याचा इशारा देतो, बाकीचे प्राणी तोंडातलं टाकून पळाले की हा खाली उतरून त्यांचं जेवण उचलतो. कोतवाल म्हटल्यावर हप्ता आलाच म्हणा.

देवाचं पण ऐका. काशीचा कोतवाल म्हणजे काळभैरव. विश्वनाथ राजा आणि भैरव त्याचा कोतवाल, काशीत यायचं राहायचं तर आधी ह्याची परवानगी, आणि तिथल्या लोकांच्या पापपुण्याची चौकशी करणारा तो, असं त्याच्या स्तोत्रातच म्हटलंय, म्हणजे थेट आईन-ए-अकबरीतली ड्युटी! तिथल्या कोतवाली पोलीस ठाण्यात मुख्य खुर्ची बाबांसाठी रिकामी ठेवतात आणि अधिकारी बाजूच्या खुर्चीवर बसतो. त्या देवळाची आत्ताची इमारत दुसऱ्या बाजीरावाने बांधवली असं सांगतात, म्हणजे पुण्याची कोतवाली गमावलेल्या माणसाने काशीच्या कोतवालाचं घर बांधलं. आपल्याकडे तळकोकणात आणि गोव्यात हीच कल्पना राखणदार म्हणून आहे, शब्द वेगळा पण हुद्दा तोच, रात्री सीमेवरून फिरणारा. साधूंच्या आखाड्यांमध्ये पण कोतवाल असतो, हातात चांदीची छडी, शिस्त मोडणाऱ्या साधूला दंड करणारा, पुढच्या वेळी त्र्यंबकेश्वरला कुंभाला गेलात तर बघा.

आडनावाचं विचारलं नाहीत पण काका पुढे तिथे जाणारच म्हणून सांगून ठेवतो. कोतवाल आडनाव ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे, पारशांत आहे, मुसलमानांत आहे. माथेरानचे हुतात्मा विठ्ठलराव ऊर्फ भाई कोतवाल, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीने गेले, त्यांचं घराणं नाभिक. म्हणजे आडनावावरून जात काढू नका आणि हुद्दा तर मुळीच काढू नका, कुठल्या पिढीत कोणी कुठली कोतवाली केली हे आडनाव सांगत नाही.

आणि एक माझी स्वतःची फजिती, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी काकांना हसतोय. मोडी नवीन नवीन शिकलो होतो तेव्हा एका ओळखीच्या घरचा कागद वाचायला आला, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, मधे एका जागी मी छातीठोक वाचलं, "कोतवाल". सांगून मोकळा झालो की तुमचे पूर्वज कोतवाल होते. त्यांनी घरात तसबीर लावायची तयारी केली! नंतर माझ्या मोडीच्या सरांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, अहो ही पागेची यादी आहे, वरती सगळी घोड्यांची नावं आणि रंग आहेत, इथे "कोतल" आहे. कोतल म्हणजे स्वारीत नुसता सजवून मोकळा चालवायचा घोडा, तुर्की शब्द. पुढे लोकांच्या तोंडात त्याचाच कोतवाल घोडा झाला असं माझं मत आहे, मिरवणुकीत आजही म्हणतात. एका घोड्याला मी त्या घराण्याचा पूर्वज करून बसलो होतो, त्या लोकांनी नंतर मला लग्नाला बोलावलं नाही.

तर तुम्ही आता असं करा. पणजोबा खरंच गावचे कोतवाल होते का हे बघायचं असेल तर जन्माची नक्कल सोडा, तुमचं गाव जुन्या मध्यप्रांतातलं दिसतंय तर भूमी अभिलेखकडे नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाचे जुने कागद), वाजिब-उल-अर्ज आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागा. वाजिब-उल-अर्जमध्ये गावातल्या चाकरांचे हक्क लिहिलेले असतात, कोणाला किती धान्य वगैरे, आणि कोतवालाला सेवाजमीन असली तर ती खसऱ्यात (शेतवार नोंदवहीत) तशी दिसते, तिथे पणजोबांचं नाव सापडलं तर काकांना खुशाल सांगा की हो, होते, फक्त मोटारीतले नाही, घोंगडीवाले. अर्जात गावाचं जुनं नाव, मौजा नंबर आणि जुना तालुका लिहायला विसरू नका, नाहीतर बाबू लोक "रेकॉर्ड आढळून येत नाही" असं लिहून परत पाठवतात, मी पण पाठवलेत. आणि कोतवाल बुकाच्या त्याच वर्षाची आधीची नंतरची चार-पाच पानं पण मागून घ्या, भावंडांच्या नोंदी तिथेच सापडतात. अक्षर मोडी असेल तर फोटो काढताना सपाट ठेवून दिवसा उजेडात काढा, फ्लॅश मारू नका, चकाकीत अक्षर दिसत नाही.